कृत्रिम रंगांचा धोका कसा मोजतात? – एक अभ्यासलेख

आपल्या न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याची प्रथा आपण पाळत आलो आहोत. यंदाचा विषय वाचकांनीच सुचविला, असे म्हटले तरी चालेल. २०२४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत पुदुच्चेरी, तमिळनाडू आणि कर्नाटक येथील शासनांनी रंगीत 'म्हातारीच्या केसां'वर, म्हणजे जत्रेत मिळणाऱ्या साखरेच्या गुलाबी कापसावर निर्बंध घातले. त्यात ऱ्होडामाइन-बी हा कापड व कागद रंगविण्याचा रंग आढळला होता. कर्नाटकात गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगावरही बंदी आली. त्या बातम्यांनंतर बाह्यरुग्ण विभागात मुलांना घेऊन येणाऱ्या अनेक पालकांनी एकच प्रश्न विचारला : "रंग घातलेले खाल्ले तर कर्करोग होतो का?"

प्रश्न रास्त आहे. मात्र आमचे रुग्णालय ज्या परिसरात उभे आहे, तेथे यंत्रमाग, सूत रंगणी आणि कापड प्रक्रिया यांवर हजारो घरांच्या चुली पेटतात. मिठाईतील रंगाविषयी पालक विचारतात. परंतु वीस-पंचवीस वर्षे कोपरापर्यंत रंगात हात बुडवून काम केलेला कामगार स्वतःविषयी हा प्रश्न सहसा विचारीत नाही. वास्तविक कृत्रिम रंगांच्या संदर्भात माणसांमधील कर्करोगाचा सर्वांत भक्कम पुरावा मिठाईच्या ताटात मिळालेला नसून तो कारखान्यात मिळालेला आहे. हा पुरावा कसा जमला आणि त्यावरून धोक्याचे मोजमाप कसे केले जाते, हे आमच्या डॉक्टर मंडळींकडून समजून घेऊन येथे मांडण्याचा प्रयत्न आम्ही केला आहे. आम्ही वैद्य नाही, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. कदाचित त्यामुळेच असेल, या विषयातील आकडेमोड आम्हांला विशेष उद्बोधक वाटली.

रंगशाळेतून शस्त्रक्रियागृहात

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन प्रयोगशाळेत तयार करण्याच्या खटपटीत होता. क्विनीन मिळाले नाही. हाती आला तो एक सुंदर जांभळा रंग. कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनपासून तो झाला होता. पुढे जर्मनीत या धंद्याची प्रचंड भरभराट झाली आणि नीळ व मंजिष्ठा यांची शेती मागे पडली.

पर्किनच्या शोधानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १८९५ मध्ये, फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत एक निरीक्षण मांडले. फुक्सिन नावाचा किरमिजी रंग तयार करणाऱ्या कारखान्यातील ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयात गाठी झाल्या होत्या. मूत्राशयाचा कर्करोग हा तसा विरळा आजार. एकाच कामावरील पंचेचाळीसांत तिघे हा योगायोग मानणे कठीण होते. रेन यांच्याकडे आजच्यासारखी यंत्रे नव्हती. रुग्ण पोटापाण्यासाठी काय करतो, हे त्यांनी पाहिले आणि त्याची बेरीज केली. एवढ्यावरच या संपूर्ण शास्त्राचा पाया घातला गेला, ही गोष्ट नोंदणी खिडकीचे काम पाहणाऱ्या आमच्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रेन यांनी दोष दिला तो ॲनिलिनला, आणि या रोगाला 'ॲनिलिन कर्करोग' असे नाव पडले. १९२१ मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाने याच विषयावर पुस्तिका प्रसिद्ध केली. पण नेमका गुन्हेगार कोण, हे अजून ठरायचे होते. ससे व उंदीर यांवरील प्रयोगांत मूत्राशयाच्या गाठी होईनात. अखेर १९३८ मध्ये अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा-नॅप्थिलअमाइन हे रसायन कुत्र्यांना दिले, तेव्हा माणसासारखाच रोग उद्भवला. एका प्राण्यास जे बाधत नाही ते दुसऱ्यास बाधते, हा धडा तेथे मिळाला. म्हणूनच 'उंदरांवर काही झाले नाही' एवढ्यावर कोणत्याही पदार्थास निर्दोष ठरविता येत नाही.

निर्णायक हिशेब मांडला तो १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये. डॉ. केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगरसायनांच्या कारखान्यांच्या जुन्या हजेरीपटांवरून हजारो कामगारांची यादी केली. त्याच वयाच्या सर्वसाधारण पुरुषांत मूत्राशयाच्या कर्करोगाने जितके मृत्यू होतात, त्या दराने या यादीत किती मृत्यू अपेक्षित होते हे काढले आणि प्रत्यक्षात झालेल्या मृत्यूंशी ते ताडून पाहिले. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतील तफावत काढणे ही आमच्या अंदाजपत्रकाचीच पद्धत. फरक इतकाच, की येथे तफावतीचा प्रत्येक आकडा म्हणजे एक माणूस होता. बेंझिडीन आणि नॅप्थिलअमाइन हाताळणाऱ्यांत ही तफावत फार मोठी निघाली. केवळ ॲनिलिन हाताळणाऱ्यांत ती आढळली नाही. ब्रिटनमध्ये बीटा-नॅप्थिलअमाइनचे उत्पादन त्यापूर्वीच, १९५० च्या सुमारास थांबले होते. १९६७ मध्ये कायद्याने ते व बेंझिडीन या दोन्हींस मनाई झाली.

काम सुरू झाल्यापासून गाठ दिसेपर्यंत सामान्यतः दीड ते दोन दशके, काही रुग्णांत त्याहूनही अधिक काळ जातो. तोवर कामगाराने नोकरी बदललेली असते, कारखाना बंद पडलेला असतो, मालकही बदललेला असतो. या दिरंगाईमुळेच १८९५ च्या निरीक्षणापासून १९६७ च्या बंदीपर्यंत सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या सत्तर वर्षांचे व्याज कोणी भरले, हे सांगावयास नको.

सगळे रंग एकाच माळेचे मणी नव्हेत

'कृत्रिम रंग विषारी' असे सरसकट म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आमच्या प्रयोगशाळेत गाठीचा तुकडा तपासताना जो गुलाबी इओसिन वापरतात तो कृत्रिम रंगच होय. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रोन्टोसिल, ज्यापासून सल्फा औषधांचा उगम झाला, तोही मूळचा एक तांबडा ॲझो रंग. ॲनिलिनची तीव्र विषबाधा झाली म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते आणि रुग्णाचे ओठ व नखे निळसर पडतात. त्यावर शिरेतून दिला जाणारा उतारा म्हणजे मिथिलीन ब्लू, हाही १८७६ चा एक रंग. निळ्या पडलेल्या माणसास निळ्या रंगाने पूर्ववत करावे, ही निसर्गाची गंमत आमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितली तेव्हा आम्हांलाही क्षणभर विश्वास बसला नव्हता.

मग धोका कोठे आहे? बहुसंख्य कृत्रिम रंग ॲझो गटातील आहेत. दोन नत्राणूंच्या दुव्याने त्यांचे दोन भाग जोडलेले असतात. आतड्यांतील जिवाणू किंवा यकृतातील विकरे हा दुवा तोडतात आणि रंगाचे दोन तुकडे होतात. म्हणून रंगाची परीक्षा ही वस्तुतः त्याच्या तुकड्यांची परीक्षा असते. तुकडा बेंझिडीन असेल तर मूळ रंग कितीही देखणा असो, शरीराच्या दृष्टीने ते बेंझिडीनच. ते यकृतात बदलते, मूत्रपिंडातून मूत्रात उतरते आणि मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. तेथे त्याचा क्रियाशील अंश अस्तरातील पेशींच्या डीएनएला चिकटतो. ज्या अवयवात टाकाऊ द्रव सर्वाधिक काळ थांबतो त्यालाच ही किंमत मोजावी लागते.

खाद्यपदार्थांसाठी परवानगी असलेल्या ॲझो रंगांची घडण मुद्दाम वेगळी असते. त्यांच्या दोन्ही तुकड्यांना सल्फोनिक गट जोडलेले असतात. त्यामुळे ते पाण्यात विरघळतात, आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत आणि शोषलेला अंशही लवकर बाहेर टाकला जातो. याउलट तेलात विरघळणारे रंग शरीरात सहज शिरतात. लोण्याला पिवळेपणा आणण्यासाठी एकेकाळी वापरात असलेल्या 'बटर यलो'ने उंदरांत यकृताचा कर्करोग होतो, हे जपानी संशोधकांनी १९३० च्या दशकातच दाखवून दिले. सुदान-१ हा त्याच जातीचा. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत तो युरोपात सापडला आणि युरोपीय संघाने तातडीने निर्बंध घातले. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये तशाच मिरचीपुडीपासून झालेल्या एका सॉसमुळे चारशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. जुन्या, फिकट पडलेल्या मिरचीला लाली आणण्याचा हा उद्योग. त्यात लाभ काही पैशांचा आणि हानी संपूर्ण देशाच्या पतीची.

मोजमापाची रीत

नव्या रंगाची परीक्षा आज पायरीपायरीने होते. पहिली पायरी स्वस्त व जलद आहे. अमेरिकेतील ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात जिवाणूंवरील एक चाचणी रूढ केली. विशिष्ट पोषकद्रव्याविना वाढू न शकणारे साल्मोनेला जिवाणू घ्यायचे, त्यांत रसायन घालायचे, सोबत यकृताचा अर्क मिसळायचा म्हणजे शरीरात होणारे रूपांतरही साधते. रसायनाने जनुकांत फेरफार केला तर काही जिवाणू त्या पोषकद्रव्यावाचून वाढू लागतात. दोन दिवसांत उत्तर मिळते. १९७५ मध्ये याच चाचणीत बाजारातील १६९ केशरंगांपैकी १५० रंग जनुकांत फेरफार घडविणारे आढळले आणि मोठी खळबळ उडाली.

परंतु जिवाणू म्हणजे माणूस नव्हे. म्हणून पुढची पायरी दोन वर्षांची : उंदरांचे गट, प्रत्येक गटात साधारण पन्नास नर व पन्नास माद्या, निरनिराळ्या मात्रा आणि एक गट रसायनाविना. येथे एक अडचण आहे व ती शुद्ध गणिताची आहे. हजारात एकास होणारा रोग पन्नास प्राण्यांत दिसणार कसा? तो दिसावा म्हणून मात्रा पुष्कळ वाढवावी लागते आणि मोठ्या मात्रेचा परिणाम लहान मात्रेस कसा लागू करावयाचा हा वाद मागे उरतो. 'उंदरांना बादलीभर दिले म्हणून झाले' असा उपहास उत्पादक नेहमी करतात. त्यात तथ्याचा अंश आहे, पण चाचणी तशी का करावी लागते हे ते सांगत नाहीत.

ज्या रंगांबाबत जनुकांवर आघात होत नाही अशी खात्री पटते, त्यांच्यासाठी प्राण्यांत कोणताही अपाय न करणारी सर्वांत मोठी मात्रा शोधतात आणि तिला सामान्यतः शंभराने भागतात. माणूस प्राण्यापेक्षा दहापट नाजूक असू शकतो आणि एक माणूस दुसऱ्यापेक्षा दहापट, म्हणून दहा गुणिले दहा. या भागाकाराने आयुष्यभर दररोज घेतली तरी चालेल अशी मात्रा मिळते. आमच्या भाषेत ही गंगाजळी बाजूला ठेवून केलेली वाटणी. मात्र बेंझिडीनसारख्या, थेट डीएनएवर घाला घालणाऱ्या रसायनांस हा भागाकार लावीत नाहीत. त्यांच्यासाठी सुरक्षित अशी पायरीच गृहीत धरता येत नाही. म्हणून त्यांवर मर्यादेऐवजी बंदी येते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या देशात आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि सर्वसाधारणपणे दर किलो पदार्थास १०० मिलिग्रॅमपर्यंत. त्यांपैकी सनसेट यलो या नारिंगी रंगाची दैनिक मर्यादा जागतिक तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनास ४ मिलिग्रॅम ठरविली आहे. पंधरा किलो वजनाच्या बालकास ती ६० मिलिग्रॅम येते. मिठाईत रंग कायदेशीर कमाल प्रमाणात असेल, तर ही मर्यादा गाठण्यास रोज ६०० ग्रॅम मिठाई खावी लागेल. इतकी मिठाई खाणाऱ्या बालकास रंगाआधी साखरच बाधेल. परंतु एरिथ्रोसिन या चेरीच्या लाल रंगाची मर्यादा दर किलोस अवघी ०.१ मिलिग्रॅम आहे. ती माणसांच्या थायरॉइड ग्रंथीवरील परिणाम पाहून ठरली. त्याच बालकास ती दीड मिलिग्रॅम, म्हणजे कमाल प्रमाणात रंगविलेली मिठाई केवळ १५ ग्रॅम, एखाद्या लहान पेढ्याएवढी. ही मर्यादा रोजच्या, आयुष्यभराच्या सेवनाची असल्याने वाढदिवसास एखादे दिवशी ती ओलांडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण दोन 'परवानगी असलेल्या' रंगांत चाळीसपट अंतर असू शकते, हे ध्यानात घ्यावे. हाच एरिथ्रोसिन अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतून वगळण्याचा निर्णय घेतला. नर उंदरांत थायरॉइडच्या गाठी आढळल्या होत्या, आणि प्राण्यांत कर्करोग करणारा खाद्यरंग चालणार नाही असे त्यांच्या १९६० च्या कायद्याचे कलम आहे. उंदरांतील ही क्रिया माणसास लागू पडत नाही, असे त्याच शासनाचे म्हणणे आहे. तरीही कलम ते कलम. आम्हांला यात काही विसंगत वाटत नाही. ज्या वस्तूचा उपयोग केवळ शोभेपुरता आहे, तिच्यासाठी संशयाचा लाभ ग्राहकास मिळावा, वस्तूस नव्हे.

बालकांच्या चंचलतेचा प्रश्न कर्करोगाहून वेगळा आहे. २००७ च्या ब्रिटिश अभ्यासात काही रंगांच्या मिश्रणाचा मुलांच्या वर्तनावर परिणाम दिसला आणि २०१० पासून युरोपात सहा रंगांच्या वेष्टनांवर तशी सूचना छापावी लागते. त्यांतील चार रंग आपल्याकडील आठांत आहेत.

हा हिशेब झाला परवानगीच्या रंगांचा. उघड्यावर विकल्या जाणाऱ्या पदार्थांत कोणता रंग, किती चिमटी, हे विक्रेत्यासही ठाऊक नसते. ऱ्होडामाइन-बी विषयी वृत्तपत्रांनी 'कर्करोगकारक' असे ठाम लिहिले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मात्र तो तिसऱ्या गटात, म्हणजे पुरावा अपुरा असलेल्यांत ठेवला आहे. त्याचा अर्थ तो निर्धोक आहे असा नव्हे; निर्णय देण्याइतकी परीक्षा झालेली नाही, एवढाच. बंदी योग्यच होती. खाण्यासाठी ज्याची परीक्षा झाली नाही तो पदार्थ अन्नात घालण्याचा अधिकार कोणासही नाही. हळद, तिखट व डाळी यांत तर परवानगीचाही रंग घालता येत नाही. हळदीच्या पाण्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर येणारा गुलाबी-किरमिजी रंग पाणी मिसळूनही टिकला तर मेटॅनिल यलोची शंका घ्यावी. या चाचणीने शिशाचे क्रोमेट ओळखू येत नाही आणि बालकांच्या मेंदूस ते अधिक घातक आहे. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

गटांचा अर्थ

फ्रान्समधील लियॉं येथील उपर्युक्त संस्था पदार्थांचे गट पाडते. पहिल्या गटात माणसांत कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेले पदार्थ येतात. बेंझिडीन, शरीरात बेंझिडीन निर्माण करणारे रंग, बीटा-नॅप्थिलअमाइन, ऑर्थो-टोल्युइडीन, तसेच फुक्सिनच्या वर्गातील मॅजेंटा रंगाचे उत्पादन यांची नोंद तेथे आहे. रेन यांचे निरीक्षण अशा रीतीने आजही त्या यादीत टिकून आहे. १९५४ मध्ये सुटलेल्या ॲनिलिनला २०२० मध्ये तज्ज्ञांनी पुन्हा बोलावले आणि 'बहुधा कर्करोगकारक' अशा दुसऱ्या गटाच्या वरच्या भागात बसविले. शास्त्राचा निकाल हा लेखापरीक्षकाच्या शेऱ्यासारखा असतो. नवी कागदपत्रे पुढे आली की तो बदलावा लागतो.

या गटांबाबत एक गैरसमज फार आढळतो. गट म्हणजे पुराव्याची खात्री. धोक्याची तीव्रता नव्हे. केशरंगांचेच पाहा. ते दररोज हाताळणारे केशकर्तनकार त्या 'बहुधा' गटात आहेत, पण महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःचे केस रंगविणारी व्यक्ती तिसऱ्या गटात. रंग तोच, संपर्क निराळा. याच केशरंगातील पॅरा-फिनिलिनडायअमाइन पोटात गेले तर मात्र वीस वर्षे थांबावे लागत नाही. काही तासांत चेहरा व घसा सुजतो, श्वास कोंडतो, स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडे बंद पडतात. अतिदक्षता विभागातील आमच्या सहकाऱ्यांना ही चिंता मिठाईच्या रंगाहून कितीतरी मोठी वाटते. केशरंगाची बाटली औषधांच्या कप्प्यात किंवा मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये, एवढे येथे आवर्जून सांगतो.

आपल्या परिसरातील प्रश्न

आपल्या देशात १९९३ मध्ये ४२ बेंझिडीनजन्य रंगांवर आणि १९९७ मध्ये आणखी ७० ॲझो रंगांवर बंदी आली. जर्मनीने १९९४ मध्ये असे रंग लावलेल्या कापडास मज्जाव जाहीर केल्याने निर्यातदारांचे धाबे दणाणले होते. परदेशी ग्राहकाच्या त्वचेची काळजी आपल्या कामगाराच्याही उपयोगी पडली, असे म्हणता येईल. तथापि बंदीपूर्वी ज्यांनी हे रंग हाताळले, त्यांचा सुप्तकाल बंदीने पुसला जात नाही. १९८५ साली विशीत कामाला लागलेला माणूस आज साठीत आहे, आणि मूत्राशयाचा कर्करोग प्रामुख्याने याच वयात दिसतो.

गतवर्षी मूत्ररोग विभागात एका ज्येष्ठ रुग्णास त्यांचा मुलगा घेऊन आला. लघवीवाटे दोनदा रक्त गेले होते, वेदना काहीच नव्हती. घरी उन्हाळी लागली असे समजून सब्जा आणि धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते. रक्त थांबल्यावर प्रश्न मिटला असे सर्वांना वाटले होते. व्यवसाय विचारला तेव्हा मुलगा म्हणाला, "अण्णा रिटायर आहेत." डॉक्टरांनी विचारले, "काका, रिटायर होण्याआधी काय करत होता?" तेव्हा उत्तर आले, "डाईंगला होतो, साहेब. नॅप्थॉलचं काम. हात कोपरापर्यंत लाल असायचे, भाकरीलासुद्धा रंग लागायचा." त्याच आठवड्यात दुर्बिणीतून तपासणी झाली, लहान गाठ सापडली व दुर्बिणीतूनच काढली गेली. ते नियमित तपासणीस येत आहेत. ती गाठ नॅप्थॉलबरोबर वापरल्या जाणाऱ्या 'बेस'मुळे झाली की विडीमुळे, हे एका रुग्णापुरते कोणीही सांगू शकत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण तंबाखूचा धूर हेच आहे, आणि बीटा-नॅप्थिलअमाइन त्या धुरातही असते. रंगखात्यात काम करून विडी ओढणारा माणूस एकच कर्ज दोन सावकारांकडून घेत असतो.

लघवीवाटे वेदनेविना रक्त जाणे हे एकदाच घडले आणि आपोआप थांबले, तरीही दाखविले पाहिजे. क्षयरोगाच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, बीट खाल्ल्याने लालसर होते. ते निरुपद्रवी आहे, पण हा निवाडा घरी न करता लघवीच्या साध्या तपासणीवर सोपवावा. सोनोग्राफी आणि आवश्यक तर दुर्बीण हा पुढचा भाग.

व्यवसायजन्य आजारास नुकसानभरपाई देण्याची तरतूद आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून आहे. परंतु दावा उभा राहतो तो नोंदीवर, आणि केसपेपरवर 'सेवानिवृत्त', 'नोकरी' किंवा 'घरकाम' एवढेच असेल तर कोणताही कायदा त्या कुटुंबाच्या मदतीस येऊ शकत नाही. घरी सूत रंगविणाऱ्या, रंगाचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांची नोंद तर 'घरकाम' या शब्दातच लुप्त होते. म्हणून विश्वस्त मंडळाच्या संमतीने चालू वर्षापासून चाळिशीवरील प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर तीन नवे रकाने छापले आहेत : आजवर केलेली सर्व कामे, प्रत्येक कामाची वर्षे, आणि हाताळलेले रंग वा रसायने. खिडकीवर गर्दीच्या वेळी ते भरणे शक्य नसते, म्हणून रांगेत बसलेल्या रुग्णांकडून ते भरून घेण्यास दोन स्वयंसेवक सकाळच्या वेळात उपस्थित असतात. रंगणी व प्रक्रिया व्यवसायात दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांची लघवीतपासणी वर्षातून एकदा विनामूल्य करण्यासाठी स्वतंत्र निधीचे खाते उघडले असून त्याचा तपशील जमाखर्चाच्या पत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला आहे.

रुग्णास घेऊन येणाऱ्या आप्तांनी कारखान्याचे जुने ओळखपत्र, राज्य कामगार विम्याचे कार्ड किंवा भविष्यनिर्वाह निधीची एखादी पावती घरी असल्यास सोबत आणावी. यांपैकी काहीच नसेल, तर सोबत काम केलेल्या एखाद्या सहकाऱ्याचे नाव, आणि त्या काळी रंगाच्या डब्यावर जे नाव छापलेले असे ते आठवेल तेवढे, अगदी चुकतमाकत का होईना, लिहून आणावे.